सायकलस्वाराची पाण्याची बाटली

सायकलच्या शर्यतींचे प्रकार अनेक आहेत. परंतु ‘टाइम ट्रायल’ म्हणून जो प्रकार आहे, त्यांत स्पर्धकाचा खरा प्रतिस्पर्धी घड्याळ हा होय. ठराविक वेळानें एकेक स्वार सोडला जातो, दुसऱ्याच्या आडोशानें जाण्याची त्यास मुभा नसते, आणि जो कमी वेळांत पल्ला गाठील तो जिंकतो. अशा स्वारानें आपलें पाणी कोठें ठेवावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. तो तसा नाहीं, हें दाखवून त्याविषयीं आमचें मत सांगण्याचा येथें विचार आहे.

सपाट रस्त्यावर भरधाव जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ति हवा बाजूस सारण्यांतच खर्च होते. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याला तोंड देण्यास लागणारी शक्ति आठपट. म्हणूनच हे स्वार पाठ आडवी करून, कोपरें जवळ घेऊन व मस्तक नमवून बसतात. १९८९ सालीं ‘टूर द फ्रान्स’ या सुप्रसिद्ध शर्यतीच्या अखेरच्या दिवशीं व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. अमेरिकेचा ग्रेग लेमॉन्ड हा फ्रान्सच्या लोराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागें होता. लेमॉन्डनें दोन्ही हात पुढें जवळजवळ ठेवतां येतील असें हँडल व निमुळतें शिरस्त्राण वापरलें. फिन्याँ उघड्या डोक्यानें निघाला. तीन आठवड्यांची ती शर्यत लेमॉन्डनें अवघ्या ८ सेकंदांनीं जिंकली. याचें श्रेय सर्वस्वीं हँडलास द्यावें असें नव्हे. परंतु पुढें तसलें हँडल सर्वत्र रूढ झालें, आणि सायकलवरील लहानसहान वस्तूंचीही हवेच्या दृष्टीनें परीक्षा होऊं लागली.

बाटली ही त्यांपैकींच एक. साध्या गोल बाटलीला वळसा घालून जाणारी हवा तिच्या मागें नीट जुळत नाहीं. तेथें भोंवरे उठतात व ते सायकलला जणूं मागें ओढतात. यावर तीन उपाय निघाले. पहिला, बाटलीच चपटी व निमुळती करून सांगाड्याच्या नळीस लावणें. दुसरा, ती सीटच्या मागें, स्वाराच्या शरीराच्या आडोशास ठेवणें. तिसरा, हँडलावर दोन हातांच्या मधल्या पोकळींत ती ठेवून पिण्याची नळी तोंडाजवळ आणणें. पोहणें, सायकल व धांवणें अशा तिहेरी ‘ट्रायॅथ्लॉन’ शर्यतींत शेवटचे दोन्ही उपाय सर्रास दिसतात. कारण ‘आयर्नमॅन’ नांवाच्या त्यांतील मोठ्या प्रकारांत सायकलचाच पल्ला १८० किलोमीटर असतो. उलट, आंतरराष्ट्रीय सायकल संघाच्या रस्त्यावरील शर्यतींत बाटली सांगाड्याच्या आंतल्या बाजूस, त्याच्या दोन नळ्यांवरच लावावी लागते. तिची जाडी ४ ते १० सेंटिमीटर व तींत मावणारें पाणी ४०० ते ८०० मिलिलिटर, अशी मर्यादा आहे.

आमच्या मतें या सर्व उपायांची कसोटी एकच असावी: स्वारास आपली बैठक न मोडतां पाणी पितां येतें कीं नाहीं? सांगाड्यावरील बाटली कितीही निमुळती असली तरी ती काढण्यास एक हात सोडून खालीं न्यावा लागतो. तेवढ्यांत अंग वाऱ्यावर उघडें पडतें, आणि बाटलीच्या आकारानें जें वांचविलें तें घोटाघोटास खर्चीं पडतें. याहून वाईट म्हणजे, हा तोटा टाळण्यासाठीं स्वार पाणी पिणेंच टाळतो. अर्ध्या तासाच्या शर्यतीस पुरेसें पाणी पिऊन निघालें व बाटली घरीं ठेवली तर बिघडत नाहीं. पण उन्हांतील लांब पल्ल्यांत घामावाटे तासाला लिटरभर पाणी सहज जातें. आणि शरीराच्या वजनाच्या शेंकडा २ हून अधिक पाणी गेलें कीं दम व वेग घटूं लागतात. साठ किलो वजनाच्या तरुणास हें प्रमाण सवा लिटरच्या आंतच येतें. मग निमुळती बाटली काय कामाची?

पवित्र शास्त्रांतील गिदोनाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. गुडघे टेकून पाणी पिणारे मागें राहिले, आणि हातानें पाणी तोंडाशीं नेणारे ३०० तेवढे निवडले गेले. तहान भागवितांनाही जे सावध राहिले तेच कामाचे ठरले, असा त्याचा अर्थ पुष्कळ लोक करतात. आमच्या स्वारासही हाच धडा लागू आहे.

बाटलीच्या मापांवर बंधन घालण्यांत संघानें योग्यच केलें. नाहीं तर पाण्याच्या नांवाखालीं हवा कापणारें कवच सायकलवर चढेल. परंतु जागेचें बंधन सैल करावें. माप तेंच ठेवून बाटली हातांच्या मध्यें लावूं द्यावी. कोणी म्हणेल, तेथें ती पिण्यासाठीं नव्हे, वाऱ्यासाठींच लावतील. शक्य आहे, पण तोच आक्षेप सांगाड्यावरील रिकाम्या बाटलीसही घेतां येतो. नजर रस्त्यावर व हात हँडलावर राहून तहान भागते, हा लाभ त्या शंकेहून मोठा आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं कोणी उद्यां अशा शर्यतींत उतरेल. त्यानें वेगाचें शास्त्र अवश्य शिकावें. पण चार सेकंद वांचविण्यासाठीं पाणी सोडूं नये. गरजेचीच काटछांट केली तर तिला काटकसर म्हणत नाहींत. पालकांसही एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी महागड्या बाटलीचा हट्ट धरील, तेव्हां ती किती निमुळती आहे हें न पाहतां, ‘चालत्या सायकलवर तुला तींतून नीट पितां येतें काय?’ एवढेंच विचारावें.