उरलेले आयुष्य

आषाढी एकादशी आली की आयुष्याच्या क्षणभंगुरतेवर प्रवचने झडतात आणि ज्ञानेश्वरांची २१ वर्षे दाखल्यास दिली जातात. आम्हांस मात्र आज मागे राहिलेल्या स्नेह्याविषयी लिहावेसे वाटते. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. जन्म १२७० चा. म्हणजे ते ज्ञानेश्वरांहून पाच वर्षांनी वडील. १२९६ साली आळंदीस समाधिसोहळा झाला, तेव्हा त्यांच्यापुढे अजून ५४ वर्षे पडली होती. सख्याच्या आठवणीत ती महाद्वारी बसून काढली असती, तरी कोणी बोल लावला नसता. त्यांनी उत्तरेची वाट धरली. मुलूख परका, बोली परकी. तरी परंपरा सांगते की पंजाबात घुमान येथे ते दीर्घकाळ राहिले. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि ती आजही गाइली जातात.

‘साठी उलटली, आता काय उरले?’ असे म्हणणारे वडीलधारे आमच्याकडे गावोगावच्या पारावर भेटतात. त्यांस आमचे एवढेच विचारणे आहे : पेरणी उरकून यंदा दिंडीबरोबर निघालेल्यांत आपल्या वयाचे किती होते, ते मोजलेत काय?