पहिल्या घंटेच्या आधी

मृगाचा पाऊस आणि शाळेची घंटा यांची गाठ आपल्याकडे जुनीच. जूनचा मध्य आला की वह्यांना खाकी कव्हरे चढतात, नव्या दप्तराचा वास घरभर फिरतो. विदर्भात उन्हामुळे शाळा थोडी उशिरा उघडते, पण फाटकाजवळचे दृश्य सगळीकडे एकच. पहिलीतले मूल आईचा हात सोडत नाही. आणि नीट पाहिले तर ते शाळेकडे नाही, आईच्या तोंडाकडे बघत असते.

ही नजर जवळपास पाळण्यापासूनची आहे. १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेच्या टेबलावर रांगायला सोडले होते. अर्ध्या वाटेवर काचेखाली फूटभर खोल खड्डा दिसे, पलीकडे आई. आई हसरी असताना १९ पैकी १४ बाळे खड्ड्यावरून पलीकडे गेली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही.

मनात धास्ती बसली की ही नजर एकाच गोष्टीच्या शोधात राहते. रागीट आणि शांत असे दोन चेहरे जेमतेम अर्धा सेकंद शेजारी शेजारी दाखवले, तर धास्तावलेल्या मुलांचे लक्ष आधी रागीट चेहऱ्याकडे ओढले जाते, असे अनेक प्रयोगांत आढळले. सर्वच प्रयोगांत नव्हे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील सेथ पोलक यांच्या अभ्यासात मारहाण सोसलेल्या मुलांनी तर चेहऱ्यावर पुरता उमटण्याआधीच राग ओळखला. केवढी ही जाण, आणि काय सोसून आलेली!

वर्गात बाईंच्या कपाळाला आठी पडते ती हजेरीपटावरचे एक नाव लागत नाही म्हणून. तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या पोटात मात्र गोळा येतो. फळ्यावरची बेरीज राहून जाते आणि वर्षअखेरीस शेरा मिळतो, ‘लक्ष नसते’. लक्ष होते हो! ते सारे त्या एका आठीवर खर्ची पडले होते.

वर्षाच्या या आरंभी आपण रेनकोट घेतला, डबा घेतला. आता आपल्या चेहऱ्याकडेही पाहू या. सदा हसरे राहणे कोणालाच जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. ‘तुझ्यावर नाही रे रागावले, बस चुकली म्हणून वैतागले,’ एवढे म्हणता आले तरी मुलाचा श्वास मोकळा होतो. फाटकातून आत गेलेले मूल व्हरांड्याच्या पायरीशी थांबते, मागे वळून बघते. तेवढा वेळ आपण तिथे उभे राहू या, पाऊस असला तरी.