परसबाग : रोपांची दाटी

बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ‘अर्का विकास’ हा टोमॅटोचा वाण दिला. परंतु उत्तम वाणही दाटीत पोसत नाही. दाट वाफ्यात हवा खेळत नाही, ओल साचते आणि रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. म्हणून वाचकहो, रोपे 4-5 आठवड्यांची होताच वाफा भिजवावा, ती मुळांवरील मातीसह उचलावीत आणि सायंकाळी दीड-दोन फुटांवर लावून लगेच पाणी द्यावे. वांगी व मिरची यांनाही हाच नियम. मुळा व गाजर मात्र हलवू नयेत. सोटमूळ दुखावले की त्याला फाटे फुटतात. तेथे विरळणीच करावी. नवशिक्यास उपटताना हळहळ वाटते. पण मुळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि राखलेल्या रोपास जागा मिळते.