मागच्या चाकांची कुरकुर
मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे खाऊन आलेली गाडी पेणच्या रामवाडीत गतिरोधकावर हळू झाली, की मागून ‘कुंई कुंई’ ऐकू येतं. अशा वेळी भेटेल तो शॉकॲब्सॉर्बर बदलायला सांगतो. घाई करू नका. गाडी सपाट जागी लावा. एकानं मागची बाजू दाबून ती वरखाली हलवावी, दुसऱ्यानं चाकाजवळ कान देऊन सस्पेंशनच्या सांध्यांतल्या एकेका रबरी बुशवर पाण्याची बारीक फवारणी करावी. पाणी पडताच जिथला आवाज थांबतो, चोर तिथेच! बोलेरोसारख्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत पाट्यांच्या पानांमधला चिखल आणि गंजही तपासा. चोर सापडला म्हणून त्यावर इंजिन ऑइल मात्र ओतू नका. खनिज तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीस चालतं. बुश फाटलाच असेल तर बदलावा लागतो, आणि खरी चूक होते ती तिथे. गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट करकचून आवळले जातात. बहुतेक बुशांचं रबर धातूच्या नळीला घट्ट चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळतं. चाकं जमिनीला टेकली, की ते पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून आधी बोल्ट नुसते हातानं बसवून घ्या, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या आणि मगच पान्यानं पक्के आवळा.