घरगुती कारागिरी : फिरत्या मुठीची निवड

गेल्या हिवाळ्यांत आम्ही चार महिने कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल येथें आमच्या थोरल्या बंधूंकडे मुक्कामास होतों. याच गांवांतील एका मद्यगृहांत १९७२ सालीं अटारी कंपनीचा 'पाँग' हा खेळ प्रथम लोकांपुढें आला. गुंडी फिरवावी, पडद्यावरची फळी सरकवावी आणि चेंडू परतवावा, एवढाच तो खेळ. परंतु हाताच्या एका वळशाशीं पडद्यावरच्या गतीची गांठ त्यानें घातली, आणि ती गांठ नीट बसली नाहीं म्हणजे काय होतें तें आम्हांस दादांच्या घरीं पाहावयास मिळालें.

दादा १९८५ सालीं शिक्षणासाठीं अमेरिकेस गेले. दोन वर्षांनीं वहिनी तेथें गेल्या, तेव्हां त्यांच्या वस्तींतील धुलाईघरांत टाइटो या जपानी कंपनीचा 'आर्कनॉइड' हा खेळ आलेला होता. कपडे वाळविण्याच्या यंत्रास आणि खेळाच्या यंत्रास नाणें एकच लागे, पंचवीस सेंटांचें. त्यामुळें वाळवणाचीं नाणीं खेळांत जात आणि वहिनी ओले कपडे घेऊन घरीं परतत. वहिनींना जाऊन आतां दोन वर्षें झालीं. वडिलांच्या संध्याकाळा रिकाम्या जातात हें पाहून आमच्या पुतण्यानें प्लायवुडचें पुरुषभर उंचीचें आर्केड कॅबिनेट स्वतःच्या हातानें केलें, आंत संगणक व पडदा बसविला, आणि जाहिरातींत ज्याचा आंकडा सर्वांत मोठा तो स्पिनर, म्हणजे फिरती मूठ, मागविली. पहिल्याच संध्याकाळीं फळी या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळूं लागली. तीन चेंडू गेले. "आतां हात राहिला नाहीं रे," एवढें बोलून दादा उठले, आणि पुढें आठवडाभर कॅबिनेटकडे फिरकले नाहींत.

दोष हाताचा कीं मुठीचा, याचा निवाडा केल्यावांचून वयाला दूषण देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. पुतण्या आणि आम्ही मिळून जें शोधून काढलें, तें अशा खटाटोपांत पडणाऱ्या वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देत आहों.

प्रथम मुठींच्या दोन जाती ओळखाव्या. 'पाँग' व १९७६ चा 'ब्रेकआउट' यांची गुंडी रेडिओच्या आवाजाच्या गुंडीसारखी असे. दोन्ही टोकांस ती अडते. १९८१ चा 'टेम्पेस्ट', १९८२ चा 'ट्रॉन' आणि १९८६ चा 'आर्कनॉइड' यांची मूठ मात्र कितीहि वळसे घेते, कोठेंच अडत नाहीं. ती केवळ 'इतकी सरकलों, अमुक दिशेस सरकलों' एवढेंच सांगते. घरच्या कॅबिनेटसाठीं आज जे स्पिनर मिळतात ते बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात, आणि संगणक त्यांस माउसच समजतो.

मुठीच्या दांड्यावर दाते कापलेली एक चकती असते. तिच्या एका बाजूस दिवा व दुसऱ्या बाजूस प्रकाश ओळखणारे दोन डोळे असतात. हे डोळे दात्याच्या अंतराच्या चतुर्थांशानें मागेंपुढें बसविलेले असल्यामुळें कोणता डोळा आधीं झांकला गेला यावरून दिशा कळते, आणि एका दात्यामागें चार खुणा मिळतात. चाळीस दात्यांच्या चकतीपासून एका वळशास एकशें साठ खुणा, असा हा हिशेब आहे. 'आर्कनॉइड'मध्यें दांड्यास दंतचक्रें जोडून चकती मुठीहून अधिक वेगानें फिरविलेली होती, म्हणून तिची चाल इतकी बारीक असे.

जाहिरातींतला मोठा आंकडा तो हाच. तो वाईट नव्हे. परंतु तेवढ्यानें काम भागत नाहीं. खिशांत चिल्लर पुष्कळ असली तर लहानमोठें कोणतेंहि देणें देतां येतें; नुसत्या नोटा असल्या तर लहान देणें अडतें. खुणा थोड्या असल्या तर फळी ठेंचा खात चालते, आणि तिला मग कोणीहि सुधारूं शकत नाहीं. खुणा पुष्कळ असल्या तर त्यांतील किती मोजावयाच्या हें आपणांस ठरवितां येतें. पुतण्यानें चिल्लर भरपूर आणली होती, पण ती मोजून देण्याची व्यवस्था केली नव्हती.

ही व्यवस्था खेळ चालविणाऱ्या प्रोग्राममध्येंच असते. १९९७ सालीं प्रथम निघालेल्या 'मेम' या प्रोग्राममध्यें टॅब कळ दाबली असतां जी यादी येते, तींत अॅनालॉग नियंत्रणांच्या सदराखालीं प्रत्येक खेळासाठीं सेन्सिटिव्हिटी निरनिराळी ठेवितां येते. मूठ उलटी चालत असल्यास तीहि तेथेंच सुलटी होते. मात्र त्याआधीं एक परीक्षा करावी. मुठीवर कागदाचा तुकडा चिकटवून खूण करावी. फळी मध्यावर आणून मूठ पाव वळसा सावकाश उजवीकडे न्यावी आणि झटक्यानें मूळ खुणेवर परत आणावी. फळी मध्यावर परतली नाहीं, तर माउस वेगानें हलविल्यास बाण अधिक लांब पळावा अशी जी सोय संगणकांत असते, ती चालू आहे असा संशय घ्यावा, व ती बंद करावी. आमच्याकडे ती चालू होती.

सेन्सिटिव्हिटी किती ठेवावी? येथें पुतण्यास एक चांगली युक्ति सुचली. त्यानें पडदा बंद केला, वडिलांना कॅबिनेटपुढें बोलाविलें आणि म्हणाला, "बाबा, डोळे मिटा आणि धुलाईघरांत फिरवीत होतां तशी मूठ एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फिरवून दाखवा." दादांनीं आढेवेढे घेतले, पण फिरविली. एकदां नव्हे, तीनदां फिरविली आणि तीनहि वेळां हात जवळजवळ एकाच जागीं थांबला. आम्हीं तेथें पेन्सिलीनें खूण केली आणि तेवढ्या वळशांत फळी या भिंतीपासून त्या भिंतीस जाईल इतकी सेन्सिटिव्हिटी उतरविली.

राहिली मुठीची टोपी. 'टेम्पेस्ट'मध्यें एका झटक्यासरशीं मूठ गरगरत राहिलेली हवी. तेथें जड अॅल्युमिनियमची टोपी शोभते. 'आर्कनॉइड'मध्यें हात थांबला कीं फळी थांबली पाहिजे. तेथें टोपी हलकी बरी. दादांचीं बोटें थंडींत आंखडतात, म्हणून आम्हीं रुंद व कडेस खांचा असलेली हलकी टोपी निवडली. टोपी एका बारीक स्क्रूनें दांड्यावर बसते, तेव्हां दोन्ही जवळ ठेवून खेळाप्रमाणें बदलतां येतात. मागविण्यापूर्वीं दांड्याची जाडी मोजावी. आणि दांडा आपल्या फळीच्या जाडीतून वर येईल कीं नाहीं हेंहि पाहावें, नाहींतर फळी खालून कोरावी लागते. 'ट्रॉन'ची आवड असल्यास मूठ डावीकडे बसवावी, कारण त्यांत उजवा हात दांडीवर गुंतलेला असतो.

एवढी खटपट झाल्यावर दादा पुन्हां खेळावयास बसले. त्यांचे चेंडू अजूनहि सुटतात. परंतु आतां चेंडू गेला म्हणजे ते हाताला बोल लावीत नाहींत; "हा माझा चुकला," म्हणतात आणि पुन्हां मूठ धरतात. घरांत वडील माणूस असें कांहीं सोडून उठलें, तर आधीं यंत्राची खूण तपासून पाहावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे. बटणें कोठें व किती अंतरावर बसवावीं, याविषयीं पुढील अंकीं.