रोजचा दीड जीबी आणि वरचे वीस रुपये

दुपारचे चार वाजलेत. लेक्चर संपलंय, ग्रुपवर प्रॅक्टिकलच्या फाइलची पीडीएफ आलीय आणि तेवढ्यात मेसेज टपकतो, ‘तुमचा आजचा डेटा १०० टक्के वापरून झाला आहे.’ खाली लगेच लिंक. एवढ्या रुपयांत एवढा डेटा, इथे क्लिक करा. हा मेसेज आपल्यातल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे आणि त्यापुढे काय होतं तेही. वीस-बावीस रुपयांचं व्हाउचर, यूपीआयचा पिन, टिंग! विषय संपला.

संपत कुठला? आठवड्यातून दोनदा असं झालं तरी महिन्याकाठी दीड-पावणेदोनशे रुपये जातात. घरून मोजून पैसे येणाऱ्या, मेसचं बिल भरून उरेल त्यात महिना ढकलणाऱ्या मुलामुलींसाठी ही रक्कम लहान नाही. शिवाय ती कुठल्याच हिशेबात नसते. आईबाबांना विचारलं तर ते म्हणतील, ‘परवाच तर तीनशेचा रिचार्ज मारून दिला!’ त्यांचंही बरोबर आहे. प्रीपेड म्हणजे आधी भरा, तेवढंच वापरा, वर काही लागणार नाही, असंच आपल्याला सांगितलं गेलंय.

तसं ते आधीही खरं नव्हतं. आपल्या ताई-दादांना विचारा. बटणांच्या फोनवर मधलं बटण चुकून दाबलं गेलं की इंटरनेट सुरू व्हायचं आणि बॅलन्स कापला जायचा. तेव्हा पॅक नसला तर दर असायचा दहा केबीला दहा पैसे. ऐकायला किती किरकोळ! पण गुणाकार करून बघा, एक एमबी दहा रुपयांना पडायचा. शिवाय न मागता लागलेली कॉलर ट्यून, कधी ज्योतिष, कधी क्रिकेटचे अलर्ट. रात्री पन्नास रुपये असलेल्या फोनमध्ये सकाळी बारा रुपये उरलेले दिसायचे.

त्या लुटीला बऱ्यापैकी आळा बसला, तो नियमांमुळे. अशी कुठलीही सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाचा होकार दोनदा घ्यायचा, असा आदेश ट्रायने २०१३ मध्ये काढला. २०१५ मध्ये त्यापुढचा नियम आला. ग्राहकाने स्पष्ट संमती दिल्याशिवाय डेटा सुरू करायचा नाही आणि पॅकमधला किती वापरला हे वेळोवेळी मेसेजने कळवायचं. डेटा सुरू किंवा बंद करायला १९२५ हा फुकटचा नंबरही मिळाला. आजही तो फारसा कुणाला माहीत नाही. नको ती सेवा लागली असेल तर १५५२२३ आहे. हेही सेव्ह करून ठेवा, विशेषतः घरातल्या मोठ्यांच्या फोनवर, कारण पॉप-अप आला की ‘ओके’ दाबणारे तेच असतात.

म्हणजे आता न विचारता पैसे कापले जात नाहीत. आता विचारलं जातं, पण अशा वेळी की ‘नाही’ म्हणणं कठीण व्हावं. ग्राहकाला सावध करण्यासाठी जो मेसेज सक्तीचा केला, त्यालाच कंपन्यांनी जाहिरात चिकटवली. पन्नास टक्के संपले, घ्या व्हाउचर. नव्वद टक्के संपले, घ्या व्हाउचर. यात बेकायदा काही नाही. पण सूचना आणि विक्री एकाच मेसेजमध्ये आली की सूचना कोण वाचतं?

थोडं गणित करू. रोज दीड जीबी, २८ दिवस, २९९ रुपये असा प्लॅन धरा. एकूण डेटा ४२ जीबी, म्हणजे एका जीबीला साधारण सात रुपये. तोच एक जीबी दुपारी चार वाजता व्हाउचरने घेतला तर वीस-बावीस. जवळजवळ तिप्पट! आणि गंमत पुढे आहे. काल तुम्ही दिवसभर लायब्ररीत होतात, वायफाय होतं, दीड जीबीपैकी तीनशे एमबीच वापरले. उरलेले बाराशे कुठे गेले? रात्री बाराला हवेत. त्याचे पैसे तुम्ही भरले होते, पण ते तुमचे राहिले नाहीत. आज कमी पडले तर नवे घ्या, तिप्पट भावाने. किराणा दुकानदाराने महिन्याचे तांदूळ विकून रोज रात्री डब्यातले उरलेले परत नेले तर आपण त्याला काय म्हणू? छोटी व्हाउचरं तरी पूर्वी मूळ प्लॅन असेपर्यंत पुरायची. आता त्यातली कित्येक एका दिवसात बाद होतात.

यावर कंपन्यांचं उत्तर तयार असतं. डेटा संपला तरी इंटरनेट बंद होत नाही, ‘अनलिमिटेड’ आहे, फक्त स्पीड कमी होतो. किती कमी? बहुतेक प्लॅनच्या बारीक अक्षरांत लिहिलंय, ६४ केबीपीएस. यातला ‘बी’ बिटचा, बाइटचा नाही. आठाने भागा, सेकंदाला आठ किलोबाइट. एक एमबी उतरायला दोन मिनिटांहून जास्त. ती पाच एमबीची पीडीएफ दहा-अकरा मिनिटं, तीही मध्ये नेटवर्क न तुटता. या स्पीडला आजच्या वेबसाइट धड उघडत नाहीत, फॉर्मवर फोटो अपलोड करणं तर सोडाच. याला अनलिमिटेड म्हणणं म्हणजे नळाला करंगळीएवढी धार सोडून ‘चोवीस तास पाणी’ची पाटी लावण्यासारखं आहे.

काही प्रमाणात आपला डेटा आपल्या नकळत फोनच खातो, हे मान्य. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, ग्रुपवरची प्रत्येक गुड मॉर्निंग डाउनलोड होणं, फोटोंचा बॅकअप. सगळ्यात मोठा राक्षस म्हणजे लॅपटॉपला दिलेला हॉटस्पॉट, कारण लॅपटॉपला वाटतं वायफाय मिळालं आणि तो अपडेट ओढायला लागतो. सेटिंगमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून टाका, बराच फरक पडतो. पण रोज सेटिंग तपासत बसणं हा काही या प्रश्नाचा तोडगा नाही.

आता २८ दिवसांकडे येऊ. महिना म्हणता म्हणता वर्षाचे बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. घरात चार सिम असतील तर चार रिचार्ज जास्तीचे. यावर ओरड झाल्यावर ट्रायने २०२२ मध्ये सांगितलं की प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवावा. ते ठेवले गेले, पण अ‍ॅप उघडल्यावर समोर दिसतात ते २८, ५६ आणि ८४चेच. महिन्याचा प्लॅन शोधायला तीनदा खाली सरकावं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने आणखी एक चांगला नियम केला, डेटा नको असेल त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक द्या. गावाकडे आजीच्या फोनला रोज दीड जीबी कशाला हवाय? पॅक आले, पण ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास. आजीसाठी हे स्वस्त म्हणवत नाही.

रिचार्ज संपला तर बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते ओटीपीपाशी. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, सीईटी सेलची प्रवेशप्रक्रिया, बँक, आधार, सगळीकडे नंबर हीच ओळख झालीय. खात्यात वीस रुपये असले की ९० दिवसांनंतरही नंबर जात नाही, हा नियम खरा आहे. पण नंबर राहणं वेगळं आणि त्यावर ओटीपी येणं वेगळं. प्लॅन संपला की आउटगोइंग लगेच थांबतं आणि काही दिवसांनी, कंपनीगणिक कमी-जास्त, इनकमिंगही. बऱ्याच घरांत आधारला बाबांचा नंबर जोडलेला असतो. त्यांनी रिचार्ज पुढच्या आठवड्यावर ढकललेला असतो आणि अर्जाची शेवटची तारीख आज असते. मग वर्षाच्या शिष्यवृत्तीसाठी धावत जाऊन रिचार्ज. त्या क्षणी कंपनी जो आकडा सांगेल तो भरला जातो. ज्या गोष्टीशिवाय सरकारी अर्ज भरता येत नाही, तिच्याकडे निव्वळ चैनीची वस्तू म्हणून बघणं मला पटत नाही. निदान ओटीपीचे इनकमिंग मेसेज तरी नंबर जिवंत असेपर्यंत यायला हवेत.

‘भारतात डेटा जगात स्वस्त आहे’ हा युक्तिवाद ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. २०१६ च्या आधी एका जीबीला अडीचशे रुपये मोजणाऱ्यांना आजचे दर स्वप्नवत वाटतील. जुलै २०२४ ची दरवाढ धरूनही. पण माझी तक्रार दराची नाहीच. जे विकत घेतलं ते पूर्ण वापरू द्या, एवढंच मागणं आहे. ते अशक्य आहे असंही नाही. व्होडाफोन आयडियाच्या काही प्रीपेड प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो. पोस्टपेडवाल्यांना तर उरलेला डेटा पुढच्या महिन्यात नेण्याची सोय मिळते. मग दरमहा आगाऊ पैसे मोजणाऱ्या प्रीपेडवाल्याला सगळीकडे का नाही? की विद्यार्थी वीस रुपयांसाठी भांडत बसणार नाही, याची खात्री आहे?

तर भांडू या. न मागता सेवा लागली, पॅक असूनही बॅलन्स गेला, व्हाउचर मारूनही डेटा आला नाही, तर १९८ वर फोन करा. तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर मिळतो. तो मागून घ्या, समोरचा ‘मॅडम, चोवीस तासांत होऊन जाईल’ म्हणाला तरीही. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. अपिलात तो डॉकेट नंबर द्यावाच लागतो. बहुतेक तक्रारी मरतात त्या इथेच, कारण नंबर कुणी लिहूनच घेतलेला नसतो.