२०२६ : अ‍ॅपवर राबणाऱ्या आपल्या तरुणांनी कशाकडे लक्ष ठेवावे?

नवे वर्ष लागले की तंत्रज्ञानाच्या 'ट्रेंड'च्या याद्या मोबाइलवर फिरू लागतात. एआय, डेटा सेंटर, क्विक कॉमर्स. ठाणे ते कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या आपल्या लोकांना यात नवे काही नाही. ऐरोलीत डेटा सेंटर उभी आहेत, भिवंडीत ऑनलाइन कंपन्यांची गोदामे आहेत आणि डोंबिवलीच्या गल्लीबोळांतून दहा मिनिटांत दूध-भाजी पोहोचवणारी पोरे दुचाकीवर धावत आहेत. त्यांत आपल्या वस्त्यांतली किती, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

म्हणून आमच्या मते यंदा आधी पाहायचा तो कायदा. नवे अ‍ॅप नंतर. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग' आणि 'प्लॅटफॉर्म' कामगारांना केंद्रीय कायद्यात पहिल्यांदा जागा दिली. अ‍ॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, या कामगारांसाठीच्या निधीत भरायची आहे. अपघात विमा, आरोग्य, म्हातारपणाची सोय अशा योजना त्यातून व्हायच्या आहेत.

मेख नियमांत आहे. डिसेंबरअखेर आलेल्या मसुद्यानुसार लाभासाठी मागच्या आर्थिक वर्षात एका कंपनीकडे किमान ९० दिवस, अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम हवे. ज्या दिवशी थोडीही कमाई झाली तो दिवस धरला जाईल. एकाच दिवशी तीन कंपन्यांचे काम केले तर तीन दिवस. वाचायला बरे वाटते. पण हा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर राहणार. आयडी बंद केला तर आपल्या हातात पुरावा काय? आणि भावाच्या किंवा मित्राच्या आयडीवर राबणाऱ्याचे दिवस भावाच्याच खात्यात पडणार. 'चालतंय की' म्हणून केलेली ही सोय आता महागात पडेल.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असावी, हा त्यांचा आग्रह होता. आज अ‍ॅपवर चौदा तास लॉगिन राहणाऱ्याला ती मर्यादा लागू नाही, कारण संहितेच्या व्याख्येतच तो पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेरचा आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये स्वतःचे कायदे केले. कर्नाटकात काम बंद करण्याआधी कामगाराला कारणासह नोटीस द्यावी लागते. महाराष्ट्रात असा कायदा का नाही, हे ठाणे जिल्ह्यातल्या आमदारांना यंदा विचारायला हवे. जयंतीच्या बॅनरवर त्यांचे फोटो लावतोच, तर एक निवेदनही द्यावे.

एआयबद्दल थोडक्यात. डेटा एंट्री आणि कॉलिंगच्या कोर्सला कर्ज काढून फी भरण्याआधी दहा वेळा विचार करा. एआयचा पहिला घाव याच कामांवर आहे.

ई-श्रम नोंदणी मोफत आहे. आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल लागतो. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक टेबल, एक लॅपटॉप आणि कॉलेजातली दोन मुले बसली तरी काम सुरू होईल. आलेल्या प्रत्येकाला एवढे सांगा: आयडी स्वतःच्याच नावावर घे आणि दर महिन्याच्या कमाईचे स्क्रीनशॉट काढून ठेव.